शेंड्याले शेंडा

आमच्या गल्लीत कोणाकडे बारसं निघालं की पाळणा बांधायच्या आधी एक काम असायचं. सरांच्या खोलीला बाहेरून कडी लावायची. ते काम लोक मलाच सांगत, कारण खोली माझी आणि भाडेकरूही माझा. मी लावायचो नाही. एक तर म्हातारा माणूस, आत काही झालं तर निस्तरणार कोण. आणि दुसरं म्हणजे मला मजा यायची.

सर बारशाला शिरले की पोराचं तोंड बघायचे नाहीत. बापाला शोधायचे. बाप कुठंतरी पेढ्याचं ताट धरून उभा असायचा. त्याच्या खांद्यावर हात ठेवून, साऱ्या बायकांना ऐकू जाईल असं विचारायचे, "काय दिलं बे तू? काकडी का भेंडी?"

बायका पदर तोंडाला लावून आत पळायच्या. पोराची आजी हातातली वाटी आपटायची. सर मात्र शांतपणे एक पेढा उचलायचे आणि म्हणायचे, "बर्फी नाही काय? पोरगी झाली की बर्फी, पोरगा झाला की पेढा. दुधानं काय पाप केलं तं तुम्ही त्यालेही बाई-माणूस करून ठेवलं?"

सर आमच्या अमरावतीच्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मूळ परतवाड्याचे. रिटायर झाले आणि माझ्या मागच्या खोलीत राहायला आले. लग्न केलेलं नव्हतं. कावून नाही केलं असं कोणी विचारलं तर म्हणत, "माह्यासंगं अदलाबदल करायले कोणी तयारच झालं नाही." आता ते नाहीत. ते गेल्यापासून गल्लीतली बारशी सुरळीत पार पडतात, आणि मी पेढा घेऊन लगेच घरी येतो.

मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर भाजी विकली. सरांनी मला काय शिकवलं ते मी माझ्या दुकानावरच शिकलो, गिऱ्हाईक उभं ठेवून. एक दिवस आले आणि न विचारता टोपलीतून दोन काकड्या उचलल्या.

"हे बाईचं," म्हणाले. मग एक काकडी खाली ठेवून भेंडी उचलली. "अन् हे माणसाचं. एक मोठं, एक लहान. पुस्तकात याले एक्स आणि वाय म्हणतात. तुम्ही काकडी-भेंडी म्हणा. लेकरू होते तवा माय एक काकडी देते. तिच्यापाशी दुसरं काही नाहीच. बाप काकडी देते नाही तं भेंडी. काकडी दिली तं पोरगी, भेंडी दिली तं पोरगा. आता सांगा भाऊ, पोरगी झाली म्हणून बायकोले बडवते, तो माणूस कोणाचा राग कोणावर काढून राहिला?"

मी म्हटलं, "सर, ते काकडी ठेवा खाली. बाईले तेच पाहिजे."

ठेवतात कुठले. "पुढं ऐका. बापाच्या अंगात बीज तयार होते तवा हे दोघं जवळ येतात. बाकीच्या साऱ्या जोड्या सारख्या असतात, त्या अंगाले अंग लावून पाहिजे तिथं अदलाबदल करतात. ही एकच जोडी बेढब. अंगाले अंग लागतच नाही. मंग काय करतात? शेंड्याले शेंडा लावतात. टोकापुरती देवाण-घेवाण करतात अन् सुटतात. तेवढी केल्याशिवाय सुटतही नाहीत नीट. शेंड्याले शेंडा, बाकी आपलं आपलं. संसार असाच असते."

माझी बायको मागं सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसली होती. मान वर न करता, माझ्याकडे बोट करून म्हणाली, "सर, आमच्या यायचं तं शेंड्यापुरतंही नाही." गिऱ्हाईक बाई इतकी हसली की काकडी न घेताच गेली.

सरांच्या एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात सँडल असायची. नव्या आलेल्या माणसाला वाटायचं, म्हातारा विसरला. कोणी दाखवून दिलं की विचारायचे, "जोडी म्हणजे दोन सारखे, हे तुले कोणी सांगितलं? तुह्या मायबापाकडे पाहून आला काय?" देवळाबाहेरून साऱ्यांच्या चपला जायच्या, यांच्या कधी गेल्या नाहीत. त्याला ते शास्त्राचा फायदा म्हणत.

एकदा निवडणुकीची सभा होती. मंचावरचा पुढारी छाती ठोकून सांगत होता, आपण एका बापाची औलाद आहो, शुद्ध रक्ताचे आहो. सर गर्दीतून उभे राहिले. "साहेब, मायनं काय दिलं ते सांगत नाही तुम्ही! अन् बापाचं म्हणसान तं तेही शुद्ध नाही. तुमच्या भेंडीचा शेंडा दर पिढीले काकडीसंगं बदलते!" कोणाला काही समजलं नाही, पण भेंडी शब्दावर पोट्टे खिदळले, आणि पुढाऱ्याला वाटलं विरोधकांनी माणूस पाठवला. कार्यकर्त्यांनी सरांना उचलून ऑटोत घातलं आणि घरी आणून टाकलं. दुसऱ्या दिवशी सर गल्लीभर सांगत होते, "मले गाडीनं पोचवलं. मानधन नाही दिलं, पण व्यवस्था चांगली होती."

दुपारचं जेवण ते आमच्याकडे करायचे. बायको भेंडी चिरायला बसली की हे दारात. "वहिनी, टोकं फेकू नका. सारा कारभार टोकात असते."

"सर, खायाचं असंन तं गुमान बसा. नाही तं टोकंच वाढते ताटात."

एकदा खरंच वाढली. सरांनी ती मिटक्या मारत खाल्ली आणि आणखी मागितली. तेव्हापासून बायको त्यांच्याशी वाद घालायची नाही. म्हणायची, "हा माणूस लाजत नाही, याले जिंकता येत नाही."

बायको गेली. सकाळी जुड्या बांधता बांधता भिंतीला टेकली, ती टेकलीच. मी तिला हाक मारत होतो आणि समोर गिऱ्हाईक भाव विचारत होतं. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

आता अकोल्याचं सांगतो. आमची एकच पोरगी, वंदा. तिला अकोल्यात दिलेली. सासऱ्याचं सरकी-ढेपेचं दुकान. पोरीच्या सासऱ्याला, म्हणजे व्याह्याला, आमच्याकडे इवाई म्हणतात. या इवायाच्या दुकानात बाप, आजा, पणजा असे फोटो ओळीनं लावलेले, सारे मिशीवाले, आणि शेवटी एक रिकामा खिळा. तो त्यानं स्वतःसाठी ठोकून ठेवला होता. जिवंतपणी स्वतःचा खिळा ठोकणारा माणूस मी तो एकच पाहिला. बोलणं सुरू केलं की दुसऱ्या वाक्याला वंश यायचा. ढेपेचा भाव विचारा, वंश. पाऊसपाणी विचारा, वंश.

आणि वंदाला मूल नव्हतं. तिला दवाखाने झाले, बाबा झाले, उपास झाले, उंबराच्या फेऱ्या झाल्या. पोरीच्या अंगाला टोचायची जागा ठेवली नाही. कोणाच्या ओटभरणीला गेली तर तिला मागच्या सतरंजीवर बसवत. जावयाला मात्र कोणी म्हटलं नाही की बापा, तुलाही एकदा दाखवून येऊ. पंप पाणी ओढत नाही म्हणून दर खेपेला विहीरच खोदायची, पंपाला हात लावायचा नाही, असा तो प्रकार.

बायकोच्या तेरवीला इवाई आला. पंगतीत बसला. बुंदीचा घास तोंडात असतानाच मला म्हणाला, "भाऊ, आता तुमच्या घरात बाईमानूस नाही. वंदाले इथीच राहू द्या. तुमाले भाकर भेटन, आमीही मोकये."

"मोकये कशातून?"

"पोराचं दुसरं पाहा लागते ना बापा. सोडचिठ्ठीचं बैठकीत पाहून घेऊ. वंश आहे." आणि वाढप्याला म्हणाला, "ए, इकळे वरन आन."

वरणाची बादली घेऊन वंदाच उभी होती. आईच्या तेरवीला वाढत होती. तिनं त्याच्या पानात वरण वाढलं, सांडू न देता.

माझा हात उठला होता. पण समोरच्या ओळीतून सरांचा आवाज आला. "जावयाची तपासणी झाली काय?"

सारी पंगत थांबली. इवाई म्हणाला, "आमच्या घरी मर्दाची तपासनी होत नसते."

"मंग कायची होते? ढेपेची?"

कोणी हसलं. इवाई पानावरून उठला. जावई खाली मान घालून जेवत राहिला. हा जावई स्वभावानं गरीब, बापापुढं तोंड उघडत नसे, वंदाला मात्र जपायचा. हात धुवायला गेला तेव्हा सर टाक्याशी उभे होते. दोघं काहीतरी बोलले. मला जावयाचे दोनच शब्द ऐकू आले, "मी येतो."

दोघं मिळून नागपूरला गेले, मोठ्या दवाखान्यात. रक्त दिलं, नंतर पुन्हा जाऊन आले. परत आल्यावर मी सरांना दारातच गाठलं. "काय निघालं?"

"जेवून घेतो," म्हणाले.

"काय निघालं म्हणून राहिलो मी!"

"भाऊ, ते ज्याचं त्याचं आहे." आणि आतून कडी लावून घेतली.

जो माणूस भर सभेत पुढाऱ्याची भेंडी काढायचा, तो गप्प झाला. गल्लीत एक बारसं झालं, सर गेले, पेढा खाल्ला, बापाला काही न विचारता परत आले. पोराची आजी मला विचारायला आली, "सरले बरं नाही काय हो?" मला वाटलं, निकाल पोरीच्या विरुद्ध गेला. वंदाची खोट निघाली आणि हा म्हातारा माझ्या तोंडावर सांगायला घाबरतो. सरांशी मी बोलणं सोडलं.

मग अकोल्याहून बैठकीचा निरोप आला. आमच्याकडे सोडचिठ्ठीच्या आधी चार जाणती माणसं बसवतात. पोरीकडचा एक तरी वजनदार माणूस लागतो. इवायानंच सुचवलं होतं, "ते प्रोफेसर घेऊन या. बैठकीले शोभा येईन." तेरवीचं तो विसरला होता की प्रोफेसर शब्दाचा मोह सुटला नाही, देव जाणे. मी सरांना नेलं, कारण दुसरं कोणी नव्हतं.

बैठक बसली. गादीवर इवाई, बाजूला त्याचा साळा, म्हणजे जावयाचा मामा, आणखी दोन म्हातारे. जावई दाराशी उभा. वंदा स्वयंपाकघरात. इवायानं पणज्यापासून सुरुवात केली. पणजा आजापर्यंत यायला पहिला चहा संपला. शेवटी म्हणाला, "खोट पोरीत आहे. आमी काही वाईट बोलत नाही. पन दिवा विझाले नाही पाहिजे."

मी सरांकडे पाहिलं. सर जावयाकडे पाहत होते. जावई जमिनीकडे.

"बोला ना सर!" मी म्हटलं. "का वंदाच्या विरुद्ध निघालं म्हणून बसले मुके होऊन?"

सर खाकरले. आतल्या दाराकडे वळून विहीणबाईंना म्हणाले, "ताई, घरात काकडी अन् भेंडी असंन तं आणता काय?"

माझं रक्त खवळलं. माझ्या पोरीचं घर मोडून राहिलं आणि हा भाजीवर आला. विहीणबाई ताटलीत दोन काकड्या, एक भेंडी आणि बाजूला मीठ घेऊन आल्या. "सर, भेंडी कच्चीच खाता?"

सरांनी काकडी-भेंडी दाखवली, शेंड्याले शेंडा लावून दाखवला. म्हातारे पुढं सरकून बघू लागले. "हे बापाच्या अंगात होते, ध्यानात ठेवा. पोराच्या नाही, सुनेच्या नाही. भेंडीच्या शेंड्याच्या अगदी खाली एक बटन असते. मायच्या पोटात पोरगा घडवते ते. शेंडे कापून अदलाबदल होते ती बटनाच्या वर. पण कधीमधी, फार क्वचित, सुरी जराशी खाली लागते. शेंड्यासंगं बटनही काकडीवर जाते. आता बापानं ही बटनवाली काकडी दिली, मायनं आपली दिली. झाल्या दोन काकड्या. पण बटन आलं, म्हणून होते पोरगाच. दाढी, मिशी, आवाज, सारं मर्दाचं, अन् असतेही मर्दच. त्याचं त्याले माहीत नसते. फक्त बीज तयार होत नाही, कारण त्याचं सामान मागं राहिलं, भेंडीवर."

मामानं विचारलं, "मंग दोष कोनाचा म्हनायचा?"

"दोष कोणाचाच नाही. सुरी घसरली. कुठं घसरली विचारसान, तं बापात. पोरगा पोटात यायच्या आधी."

बैलबाजारात गिऱ्हाइकं बैलाचे दात पाहायला वळतात, तशा तिन्ही माना इवायाकडे वळल्या.

"माह्याकळे काय पाहता? माह्यात काही खोट नाही! मले पोरगा झाला!"

"झाला ना," सर म्हणाले.

"माह्यी तपासनी करा! आताच्या आता करा!"

"करून उपयोग नाही. तुमचं रक्त साफच निघन. घसरते ते एका बीजात, एकाच वेळी. बापात त्याचा पुरावा राहत नाही."

"मंग तुमी कायच्यावरून बोलून राहिले?"

"मी तुमच्याबद्दल बोललोच कुठं? मी प्राणिशास्त्र शिकवून राहिलो. अंगावर तुम्हीच घेऊन राहिले." सरांनी काकडी मिठाला लावून एक घास घेतला. "फक्त एवढं पाहा. दुसरी सून आणसान. तिचाही पाळणा नाही हालला, तं लोक म्हणतीन, बाया तं दोन झाल्या. मंग बाजार पोराकडे पाहीन. अन् पोराकडून बापाकडे."

मामा इवायाच्या मांडीवर हात ठेवून म्हणाला, "दाजी, झाकली मूठ राहू द्या."

इवायानं मिशीवरून हात फिरवला. एकदा, दोनदा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मी दुसरीचं म्हटलंच कवा? लोकं बोलून राहिले व्हते. आमची सून म्हंजे लक्ष्मी आहे. ए वंदे, चहा आन बाई, तुहे बाबा आले!"

मी चहाची वाट न पाहता स्वयंपाकघरात गेलो. वंदा शेगडीपुढं उभी होती. म्हटलं, "पोरी, सर काय बोलले, मले अर्धंच समजलं. तुह्यात खोट नाही, एवढं समजलं. आता बाहेर जाऊन ओरडून सांगतो साऱ्याईले."

"नका सांगू, बाबा." तिनं आच कमी केली. "मले ठाऊक आहे. नागपूरहून आले त्याच दिवशी यायनं सांगितलं मले. दोन्ही काकड्याच आहेत यायच्यात. रडत होते. म्हणे, उद्या बापाले सांगतो. मीच म्हटलं, नका. सरालेही फोन करून म्हटलं, कोणाले सांगू नका, बाबालेही नाही."

"अन् लोकं तुले वांझ म्हणतात ते?"

"म्हणू द्या. मले सवय झाली. यायले कोणी एक शब्द बोललं तं हे उभे नाही राहणार." मग म्हणाली, "आलं संपलं. बिनआल्याचा चालन ना?"

आता जावयाला विचारूनच हे लिहून राहिलो. तो म्हणाला, "आता माझं मन घट्ट झालं, लिहा. नाव नका घालू, पण मिशीचं नक्की लिहा." लिहितो. जावयाची मिशी बापापेक्षा दाट आहे.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर गेलं तरी मी बोललो नाही. बडनेरा यायच्या आधी राहवलं नाही. "सर, इतके दिवस मी तुमचं तोंड पाहत नव्हतो. मले एका शब्दानं सांगता आलं असतं."

"तुम्ही वहिनीले सांगितलं असतं."

"ती तं गेली."

"हाव. पण रोज दिवा लावल्यावर तुम्ही तिच्या फोटोपुढं बसता अन् दिवसाचं सारं सांगता. कोणत्या बाईनं किती वांगे दाबून पाहिले तिथपर्यंत. तुम्हाले वाटते हळू बोलता. पार पानठेल्यापर्यंत ऐकू येते, भाऊ. लोकं पान लावता लावता ऐकतात." आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी दार लावलं, दोन्ही खिडक्या लावल्या, पंखा मोठ्यावर केला. फोटो भिंतीवरून काढून मांडीवर घेतला. काचेवर तोंड नेऊन, तिच्या कानाशी म्हटलं, "पोरीचं घर राहिलं. पुढचं सांगतो. पण कोणाले बोलू नको."